न पेरण्याचं अनुदान

जमीन दमली आहे, असा साक्षात्कार सरकारला त्या वर्षी झाला. जो शेतकरी शेत पडीक ठेवील, त्याला अनुदान मिळणार होतं. जन्मभर पेरून ज्यांच्या हाती फारसं लागलं नव्हतं, ते सगळे मग मन लावून काही न करण्याच्या कामाला लागले.

अडचण एकाच घरात आली. अनुदान तिथल्या म्हाताऱ्याच्या लक्षातच राहीना. जेवलो की नाही, हेही राहत नव्हतं. पेरणी मात्र हातांना पाठ होती. सकाळी खिशात वाटाण्याचं बी भरून तो शेताकडे निघे. "अहो, यंदा पेरायचं नाही," म्हातारी मागून सांगे. तो समजूतदारपणे मान हलवी आणि बी टाकत पुढे जाई.

बी लपवलं तर तो कपाटं उलथीपालथी करी, रडकुंडीला येई. शेवटी तिनं तोडगा काढला. त्याला पेरू द्यायचं, आणि दुपारी त्याचा डोळा लागला की जाऊन कोंब उपटायचे. जन्मभर तण उपटलेले हात पहिल्या दिवशी पीक उपटायला धजेनात. पण अनुदानातून त्याची औषधं येत, आणि औषधांच्या जोरावर तो अजून तिला ओळखत होता. तिला सौदा स्वस्त वाटला.

तो रोज बांधावर उकिडवा बसून माती निरखी. "उद्या वर येईल बघ," म्हणे.

पाहणीला तरुण साहेब आला. इतकं स्वच्छ पडीक रान कुठंच पाहिलं नाही, असं म्हणत त्यानं काकूंचं कौतुक केलं आणि फोटोसाठी काकांना मधोमध उभं करून हसायला सांगितलं. काका हसले नाहीत. साहेबाच्या कानाशी लागून म्हणाले, "काहीच उगवलं नाही हो. माझा हात गेला."

साहेबाला तो विनोद वाटला. तो मनापासून हसला आणि मंजुरीचा शेरा मारून गेला.

त्या दिवसापासून म्हातारा शेताकडे फिरकेना. खिशातलं बी त्यानं डब्यात परत ओतलं आणि खाटेवर बसून तळहात बघत राहिला. तिनं बियाण्याला दोष दिला, पाखरांना दिला. शेवटी खरं ते सांगितलं, की मीच उपटलं.

"तू कशाला उपटशील?" तो म्हणाला. "उगाच माझ्यासाठी स्वतःवर घेऊ नकोस."

मग तिनंच पेरलं. पुढच्या पाहणीत हिरवं दिसलं, अनुदान थांबलं, पाठोपाठ औषधंही. वेल फुलावर आले तेव्हा कुठं, हरतऱ्हेनं विनवून, हाताला धरून तिनं त्याला बांधावर आणलं.

तो उकिडवा बसला. एक फूल बोटानं हलवलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"कुणाचं हो हे?"

"तुमचंच."

"छे." तो भिडस्तपणे हसला. "आमच्याकडे आता काही उगवत नाही."

गुडघ्यांवर हात टेकून तो उठला आणि अदबीनं तिला म्हणाला, "बाई, घटकाभर थांबाल? आमच्या हिला बोलावून आणतो. तिला बघायला आवडेल."

तो लगबगीनं घराकडे निघाला. ती बांधावर थांबली.