डाग नसलेला ॲप्रन

या, जरा पुढे सरका. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या, जागा पुष्कळ आहे आणि गोष्ट हळू आवाजातली आहे. एका आईची आणि तिच्या लेकीची. देवाच्या दयेने शेवट गोड आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मधे एक जिना येतो, तिथे ऐकणाऱ्याचाही जीव गोळा होतो. तिथवर धीर धरा, म्हणजे झालं.

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती. वरच्या मजल्यांवर गालिचे, फुलदाण्या आणि हळू बोलणारी माणसं. खाली वाफ, साबणाचा वास आणि दिवसभर घरघरणारी यंत्रं. आई तिथे चादरींवर होती. इस्त्रीच्या रुळातून कढत चादर बाहेर आली की एक टोक आईच्या हातात आणि दुसरं घडीवालीच्या. दोघी मागे सरायच्या, चादर ताणायच्या, पुढे यायच्या, कोपऱ्याला कोपरा भिडवायच्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. घातलीच तर मधे फुगा राहतो आणि मुकादमाच्या नजरेतून फुगा सुटत नाही.

मुकादमाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या तळघरात मुकादमाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. "उद्यापासून येऊ नकोस" असं तो म्हणाला की संपलं. का, कशासाठी, कुणाला विचारू, काही नाही. आईला याआधी दोन ठिकाणांहून असंच तोंडी काढलं होतं. दोन्ही वेळा ती डबा उचलून निघून आली होती. लेक तेव्हा लहान होती, आईच्या कुशीत शिरून विचारत होती की तू भांडली का नाहीस. आईने तिला समजावलं होतं, वरच्याने जा म्हटलं की मान खाली घालून जायचं. वाद घातला की दुसरीकडचंही दार बंद होतं.

नवरा लवकर गेला. घरात दोघीच. आईची शाळा चौथीत सुटली होती, तिच्या आईने तर शाळेचं दारही पाहिलं नव्हतं, आणि आता लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, रसायनशास्त्राला. लाँड्रीत तिचं नाव आधीच 'साहेबीण' पडलं होतं. घडीवाली रोज विचारायची की तुझी साहेबीण काय म्हणते, आम्हाला ओळख देणार की नाही उद्या. आई म्हणायची, तुला कशाला ओळख देईल, तुझी चादर कायम तिरकी. असं त्यांचं चालायचं.

साहेबिणीचा पांढरा ॲप्रन आई दर आठवड्याला स्वतः धुवायची. प्रयोगशाळेत घालायचा तो. पहिल्या वर्षी त्याच्यावर पिवळे डाग, निळे शिंतोडे, एकदा तर बाहीला ॲसिडने पडलेली भोकं. आयुष्य डाग वाचण्यात गेलेली बाई ती. कॉफी कुठली, वंगण कुठलं, हे तिला लांबून कळायचं. आणि आता महिना-दीड महिना झाला, ॲप्रन नुसता चुरगळून यायचा, डाग एक नाही. आई घडीवालीला कौतुकाने सांगत होती. "बघ, हात बसला पोरीचा. थेंब सांडत नाही आता."

तेच सांगत असताना मागच्या दारात कुणीतरी काठी टेकत येऊन उभं राहिलं.

त्या हजेरीबाई होत्या. कॉलेजात एक लहानशी खोली होती. ज्यांच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्या मुलांसाठी. या बाई तिथे बसायच्या. पुस्तकं मिळवून द्यायच्या, शिष्यवृत्तीच्या मागे लागायच्या, पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. वर्गाच्या दारातून डोकावून त्या आलेल्यांकडे बघायच्याच नाहीत. कोण दिसत नाही तेवढं बघायच्या. आणि जो दिसला नाही त्याच्या मागे लागायच्या. फोन लागला तर फोनवर, नाही तर पायी. मुलांनीच त्यांना हजेरीबाई केलं होतं. या खेपेला त्यांचा स्वतःचाच पाय मोडला होता, म्हणून त्या घरी पडून होत्या. कामावर आल्या त्याच दिवशी त्यांना साहेबिणीची जागा रिकामी दिसली. मुलीचा फोन बंद. मग काठी घेऊन त्या विचारत विचारत या तळघरापर्यंत आल्या.

आईच्या हातात चादरीचं टोक तसंच होतं. त्यांनी जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, मुलगी आजारी आहे का? लग्न ठरलं का? कुठे कामाला लावली का? आई प्रत्येक प्रश्नाला नुसती नाही म्हणत होती, आणि हे सगळं का विचारताहेत ते तिला कळेना. तेव्हा बाई म्हणाल्या, "ताई, ती दीड महिना वर्गात आलेली नाही."

आईच्या हातातलं टोक सुटलं. ओल्या फरशीवर पांढरीशुभ्र चादर पसरली आणि घडीवाली दुसरं टोक धरून तशीच उभी राहिली. यंत्रं घरघरत होती, पण आईला काही ऐकू येईना. सकाळीच तर तिने लेकीला डबा भरून दिला होता. सकाळी काय, रोज. रोज संध्याकाळी लेक घरी यायची, दमलेली. आज काय शिकवलं असं आई विचारायची आणि ती सांगायचीही काहीबाही. आईच्या डोळ्यांपुढे एकदम तो ॲप्रन आला. डाग नसलेला. जे तिला हात बसल्याचं वाटलं होतं, ते काय होतं हे तिला आत्ता कळलं.

आणि मग जे विचार कुठल्याही आईच्या मनात येतील ते सगळे एकामागून एक आले. मुलगी जाते कुठे? कुणाबरोबर? घडीवालीने तिच्या खांद्याला धरून हलवलं आणि सांगितलं की तू जा, मुकादमाला मी बघते. मुकादमाला न विचारता आई कामावरून उठली ती आयुष्यात पहिल्यांदा.

कॉलेजच्या फाटकाशी पहारेकरी होता. हजेरीबाईंनी त्याला मुलीचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, ती होय, ती तर रोज येते. सगळ्यांच्या आधी येते. दोघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. रोज येते. मग वर्गात का नाही? लेक कुठे भलतीकडे जात नव्हती, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण उलट भीतीच वाढली.

पहारेकऱ्याने मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं. गच्चीवर जायचा तो जिना कुणी वापरत नसे, मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. वरच्या वळणावर साहेबीण बसली होती. मांडीवर पुस्तक, शेजारी डबा, आणि अंगात तो पांढरा ॲप्रन. आईने इस्त्री केलेला. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, प्रयोगशाळेतून आत्ता बाहेर आली आहे.

आईला पाहिल्यावर ती उभी राहिली नाही. तिच्याने उठवलंच नाही. हजेरीबाईच काठी भिंतीला टेकवून कशाबशा पायरीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, काय झालं बाळ.

झालं होतं ते एवढंच. प्रयोग करताना तिच्या हातून काचेची एक लांब नळी फुटली, ब्युरेट म्हणतात ती. सर मागेच उभे होते. त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं. ते म्हणाले, निघ इथून, उद्यापासून माझ्या प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही. तिने काचा गोळा केल्या, दप्तर उचललं आणि ती निघाली. तिला काढून टाकलं होतं. घरी सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून ती रोज येऊन इथे बसत होती. पुस्तकं वाचत होती. पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं.

हजेरीबाईंना क्षणभर कळेचना. "काढून टाकलं म्हणजे? आणि बाकीचे वर्ग? तिथे कुणी अडवलं तुला?"

"एकदा काढल्यावर दुसऱ्या वर्गात कसं बसायचं?"

"अगं, असं तोंडाने कुणाला काढता येत नाही. सर रागावले तुझ्यावर, बास. दुसऱ्या दिवशी जायचं असतं परत."

मुलीने आईकडे पाहिलं. "आईला तर तोंडानेच काढलं," ती म्हणाली. "दोनदा."

तुम्हाला म्हटलं होतं ना, जिना येतो. तो हा. आई कठड्याला धरून उभी होती आणि तिला ती जुनी रात्र आठवत होती, कुशीतलं ते पोर आणि आपलं समजावणं. पोरीने ते असं जपून ठेवलं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पुस्तकातलं विसरली असेल एखाद वेळी, पण आईचं विसरली नाही.

हजेरीबाई आधी सावरल्या. परीक्षा पंधरवड्यावर होती. राहिलेले प्रयोग पुरे झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि ते पुरे करून घेणं एकट्या सरांच्याच हातात होतं. त्या म्हणाल्या, चला.

सरांची खोली प्रयोगशाळेला लागून होती. माणूस वाईट नव्हता. टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग, चहा गार झालेला. हजेरीबाईंनी सगळं सांगितलं. सर ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. मग ते म्हणाले, "मी? असं म्हटलं? कधी?"

त्यांना आठवत नव्हतं. खरोखरच आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. आईला हा धक्का सगळ्यांत मोठा बसला. जे वाक्य डोक्यावर घेऊन तिची लेक दीड महिना जिन्यात बसली होती, ते बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. आपल्याला काढलं त्या मुकादमांना तरी आठवत असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

सर ओशाळले. अहो, मी सगळ्यांनाच तसं म्हणतो, ते म्हणाले. पोरं दुसऱ्या दिवशी दात काढत परत येतात. मग घड्याळाकडे बघून त्यांनी सांगितलं की झालं ते वाईट झालं, पण आता इतके प्रयोग होणं शक्य नाही. यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बसू दे तिला. माझा तास आहे, या तुम्ही.

या तुम्ही. आईचे पाय आपोआप वळले. सवयीचे पाय ते. मान खाली गेली, हात दाराच्या कडीवर गेला. दाराबाहेर लेक उभी होती, डोळे आईवर. तिचीही मान तशीच खाली, अगदी तशीच, जणू आरशात बघावं. आईने कडी सोडली आणि ती परत टेबलापाशी आली.

"मी जाणार नाही, सर."

सर चमकले. मी तुम्हाला जा म्हटलं नाही हो, असं ते घाईघाईने म्हणाले.

"म्हटलंत," आई म्हणाली. एकेक शब्द सुटा येत होता. "तुम्हाला कळलं नाही एवढंच. आम्हाला जा म्हटलं की आम्ही जातो. पुढच्या वर्षी ये म्हणालात तर ती येणार नाही. मी ओळखते तिला, मीच शिकवलंय. आज आत घ्या तिला. मी इथेच उभी आहे."

हजेरीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. पुढे त्या सांगायच्या की इतक्या वर्षांत त्यांच्याही अंगावर असा काटा आला नव्हता.

सरांनी वह्यांचा ढीग बाजूला सारला. मग उठले, दारापर्यंत गेले आणि मुलीला म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. मी उघडतो." मग वळता वळता म्हणाले, "आणि ब्युरेट फुटली तर फुटू दे. तू थांब."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोरगी प्रयोगशाळेत, सर कधी रागावायचे, कधी रागावता रागावता जीभ चावायचे. हजेरीबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय लांब करून बसलेल्या. लाँड्रीत मुकादमाने आईला बोल लावलेच, पण घडीवालीने त्याला असं काही बोलण्यात गुंतवलं होतं की काढायचं तो विसरूनच गेला. आठवडा संपला तेव्हा ॲप्रन धुवायला आला. पुढच्या बाजूला पिवळा डाग, खिशापाशी निळे शिंतोडे, आणि बाहीला एक नवं कोरं भोक. आईने तो उजेडात धरला आणि त्या भोकातून घडीवालीकडे बघून हसली. मग डोळे पुसले. तो पिवळा डाग तिने धुतला नाही.

पदवी देण्याच्या दिवशी आई आणि घडीवाली पहिल्यांदाच त्या सभागृहात आल्या. काळ्या झग्यात साहेबीण मंचावर चढली तेव्हा आई उठून उभी राहिली. बसायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी ती बसली नसती. घडीवाली कुजबुजली की झग्याला इस्त्री कुणी केली गं, मधे फुगा राहिलाय. आईने तिला कोपर मारलं.

मग आईने वळून हजेरीबाईंना शोधलं. त्या शेवटच्या रांगेत होत्या. टाळ्या चालू होत्या, पण त्यांचं मंचाकडे लक्ष नव्हतं. त्या मुलांच्या खुर्च्यांकडे बघत होत्या. मधल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. बाईंनी काठी उचलली, शेजारच्यांची माफी मागत रांगेतून वाट काढली आणि त्या बाहेर पडल्या.

एवढीच गोष्ट. आता घरी गेल्यावर देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागाल, तेव्हा शेवटी हजेरीबाईंसाठी एक क्षण थांबा. टाळ्या संपायच्या आत जी बाई रिकाम्या खुर्चीमागे निघाली, तिची आठवण असू द्या.