धाऊच्या बांधावरचा ऐन

माझं माहेर बंदराचं आणि सासर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही घरं सुतारांची. माहेरी होड्या बांधायचे, सासरी नांगर. या दोन घरांची ओळख झाली ती एका वाकड्या झाडापायी. नांगराला वाकडं लाकूड लागतं, तसं होडीलाही लागतं. माझे वडील थंडी सरली की लाकूड बघायला या बाजूला यायचे. एकदा एका शिवारातल्या बाभळीला त्यांनी हात लावला, तर पलीकडून माझे सासरे त्याच बाभळीला हात लावून उभे. आधी भांडण झालं, मग तंबाखू निघाली, आणि दिवस मावळेपर्यंत बाभूळ नांगराला गेली व माझं लग्न ठरलं. वडील पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, "झाड गेलं ते गेलं, वर पोरगीपण गेली."

खारबंदर हे माझ्या माहेरचं गाव. तिथे होड्या बांधणारी तीन घरं होती, तिन्ही आमच्या भाऊबंदांची. भरतीचं पाणी जिथवर येई, तिथवर आमचं अंगण. अंगणात कायम एक होडी अर्धवट उभी असायची, आणि आम्हा मुलींचा सगळा खेळ तिच्या पोटात चालायचा. फळ्यांच्या फटींत ठोकायला कापूस वळून द्यायचा, हे आम्हा बायकांचं काम. आजीची बोटं इतकी सरावलेली की बोलता बोलता कापूस संपायचा, बोलणं मात्र संपत नसे. कुठल्या घराने कुठली होडी बांधली हे लांबून तोंडावरूनच ओळखू यायचं. आमच्या घरच्या होडीचं तोंड जरा वर उचललेलं असायचं. दुसऱ्या घरातले त्याला हसत, "यांची होडी पाण्याचा वास घेते." आता त्या दोन घरांतले लोक दुसऱ्या धंद्यांत गेले. होडी बांधणारा एकच उरला आहे, माझा भाचा लडकू.

हा लडकू मागच्या माघात माझ्याकडे आला, तो खांद्यावर फर्मा घेऊन. फर्मा म्हणजे हव्या त्या लाकडाच्या आकाराची पातळ फळी. ती झाडाला लावून बघायची आणि झाड निवडायचं. हा फर्मा लडकूपेक्षा उंच आणि कमानीसारखा वाकलेला. एसटीच्या कंडक्टरने म्हणे त्याला विचारलं होतं, "रामलीलेत काम करता काय?"

"आत्या, ही नाळ आहे," लडकू म्हणाला.

ते त्याने मला सांगायची गरज नव्हती. होडीच्या तोंडाशी पाणी कापत जाणारं जे वाकडं लाकूड, ती नाळ. वखारीतलं सरळ लाकूड कापून ती बनवता येत नाही. लाकडाच्या आतल्या रेषा तुटतात, आणि एखाद्या लाटेला लाकूडही तुटतं. वाक झाडातच हवा.

"किती ठिकाणी फिरलो," तो म्हणाला. "वाकडं झाड कोणी ठेवतच नाही. ही होडी ज्याच्यासाठी, त्या पंढरीने होळीपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलंय. त्यानंतर तो फायबरची होडी घेणार. आणि पंढरीने घेतली की मग बाकीचेही घेणार. मला अंगण झाडायचं काम राहील."

हसून बोलत होता, पण भाकरी त्याच्या हातात तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी तो फर्मा घेऊन सकाळी जो गेला, तो दिवस कलताना परतला. चेहरा उजळला होता. "मिळालं! बांधावरचा ऐन आहे. बुंध्यापासून वरपर्यंत नुसता फर्मा. उद्या मालकाला भेटू. झाडाला मात्र आजच विचारून आलो."

"विचारलं म्हणजे?"

"म्हणजे आपल्या रीतीने. कुंकू लावलं, नारळ फोडला."

मी हातातली पळी खाली ठेवली. आमच्या बंदरावर झाडाला कुंकू लावायचं म्हणजे, बाबा, आम्ही तुला नेतोय, राग धरू नको. आणि या डोंगरात झाडाला कुंकू लागलं की तो देव झाला. मग त्याला कोणी कुऱ्हाड लावत नाही. इतकी वर्षं मी दोन्हीकडे वावरले, पण लडकूला हे सांगावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

तो ऐन धाऊचा. धाऊ आणि त्याची बायको रंभा आमचे शेजारी, बांधाला बांध लागून. सकाळी आम्ही पोचलो तर रंभाने झाडाखाली सारवून दिवासुद्धा लावला होता.

"काकी, बघ गो!" ती मला म्हणाली. "आमच्या ऐनात देव आला."

"आला तो नेमका माझ्याच बांधावर," धाऊ म्हणाला. "आता पाव्हने वाढतील, बांध तुडवतील."

लडकूने खाली मान घालून सगळं सांगितलं. धाऊ आधी हसला, मग बायकोकडे बघून त्याने हसू आवरलं.

"कुंकू लावून कापता तुमी?" रंभाने विचारलं. "मंग नवरीला काय लावता रे?"

"ताई, चूक झाली. कुंकू मीच लावलंय. देव वगैरे काही नाही."

"तू लावलास म्हनून काय झाला? सगल्या देवांना मानसानंच लावलेला असतो कुंकू."

खरंच होतं ते. लडकू झाडाच्या बुंध्याला टेकून बसणार होता, पण तेवढ्यात दिव्याकडे लक्ष गेलं आणि उभाच राहिला. फर्मा त्याने बांधावर आडवा टाकला. त्याच्याकडे बघून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. नाळ मिळाली नाही की तेही असेच लाकूड हातातून सोडून द्यायचे.

आजूबाजूच्या शेतांत राबाचे ढीग पडले होते. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, डहाळ्या अंथरून भाजतात, तो राब. त्यासाठी बांधावरचे ऐन दर वर्षी छाटायचे. रंभाच्या कमरेला कोयता होताच.

"रंभे," मी विचारलं, "मग यंदा या झाडाचा राब नाय घ्यायचा?"

"राब कसा नाय घ्यायचा? रोप काय उघड्या मातीत टाकू?"

"देवाला चालेल?"

"चालंल की. खोडाला हात नाय लावायचा. फांद्या काय, परत येतात."

"मग लडकूलाही राबच दे."

मी वर बोट केलं. त्या ऐनाची एक जाडजूड फांदी आडवी जाऊन वर वळली होती. तिच्यावर धाऊ दर वर्षी पेंढा रचायचा, म्हणून ती कधी छाटली नव्हती.

धाऊ लगेच बोलला, "आनि माझा पेंढा कुठं ठेवू? देवाच्या डोक्यावर?"

"गप रहा जरा," रंभा म्हणाली. मग लडकूला, "चढ. बघ तुला व्हतो काय."

लडकू चढला. धाऊने कुरकुरत खालून फर्मा दिला. वाक तंतोतंत जुळला, पण वरच्या टोकाला हातभर फांदी कमी पडली. लडकूने फांदीवरून हात फिरवला. मग वरूनच म्हणाला, "आत्या, वरचा भाग सरळच असतो. तेवढा वेगळा लावला तर जोड पाण्याच्या वर राहील. पण आपल्या घराने जोडाची नाळ कधी लावली नाही."

"लावली आहे," मी म्हणाले. "मी कापूस वळायला बसायचे, तेव्हा पाहिलंय. तुझे आजोबा जोडावर रंग दोनदा द्यायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत."

झाडावरच तो हसला. तिथूनच त्याने पंढरीला फोन लावला. पंढरीचा आवाज आम्हा सगळ्यांना खाली ऐकू आला, "जोड दिसला तर चालंल रे, होडीत पानी दिसला तर नाय चालनार!"

फांदी उतरवायच्या दिवशी पहिल्या डहाळ्या रंभाने स्वतः कोयत्याने तोडल्या, राबाला तोडतात तशा. मग लडकूने करवत लावली. पाला रंभाकडे राहिला, फांदी टेंपोत गेली. जाण्याआधी लडकूने धाऊला पेंढ्यासाठी माळा बांधून दिला. असा माळा गावात कोणी पाहिला नव्हता. खांब सरळ, पण वरची बैठक दोन्ही टोकांना जरा उचललेली. लोक येऊन हलवून बघत आणि धाऊ त्यांना हाकलून देई.

श्रावणात नारळी पुनवेला धाऊ, रंभा आणि मी खारबंदरला गेलो. रंभाने समुद्र कधी बघितला नव्हता. ती पाण्याकडे थोडा वेळच बघत राहिली, मग पंढरीच्या नव्या होडीशी जाऊन आपलं झाड शोधू लागली. सगळीकडे निळा रंग होता. लडकूने तिचा हात धरून नाळेवर ठेवला. जोड कुठे आहे ते तिला सापडलं नाही, मला सापडलं, पण मी बोलले नाही. होडी पाण्यात गेली तेव्हा तोंड जरा वर उचललेलं होतं. काठावर पंढरीचा मेव्हणा उभा होता. तो पुढच्या वर्षी आपल्यालाही अशीच होडी हवी म्हणाला, आणि लडकूच्या कपाळावर पुन्हा आठ्या आल्या.

"आता नाळ कुठून आणू?" तो म्हणाला, पण या वेळी सुरात रडगाणं नव्हतं.

धाऊ पुढे आला. "आमच्या नाल्याकडला एक ऐन हाय. पार कमरेत मोडल्यावानी. माझा बाप जनमभर शिव्या द्यायचा त्याला, सावली पन धड देत नाय म्हनून."

"वाक कसा आहे?"

धाऊने हात कोपरात दुमडून दाखवला. लडकूने तो हात धरला आणि जरा आणखी वाकवला. "एवढा?"

"थोडा कमी," धाऊ म्हणाला. "हां. आता बराबर."