सीदी खलफूनचं पाणी

लल्ला वसीला मांडीपर्यंत पाण्यात पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि किनाऱ्यावरून एक बाई त्यांना हाका मारत होती, "लल्ला, रविवारी पोरांना घेऊन कुठं जाऊ? दार बलहचा किनारा बरा का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. बाटली पाण्याखाली असताना त्या बोलत नसत. तोंड खाली करून बाटली कोपरभर आत न्यायची, मग लाटेच्या दिशेने वळवायची, वर थोडी हवा ठेवून बूच लावायचं. हे मी अठरा वर्षं पाहत आलो होतो. मी आरोग्य खात्याच्या गाडीचा ड्रायव्हर. आमच्याकडे आदराने पुरुषाला 'सी' आणि बाईला 'लल्ला' म्हणतात. दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही पाण्याचे नमुने घ्यायला आमच्या भागातले अकरा किनारे फिरायचो. त्या पाण्यात उतरायच्या, मी बर्फाची पेटी सांभाळायचो.

बाहेर आल्यावर त्यांनी बाटलीवर वेळ लिहिली, मग बाईकडे पाहिलं. "दार बलहच. पण पार टोकाला बसा, नाल्याच्या अलीकडे नको. आणि अकराच्या आत परता."

"आणि इथं?"

लल्ला वसीलांनी नुसतं लाल पाटीकडे बोट केलं. पोहण्यास मनाई. बाई पाय आपटत निघून गेली.

गावातलं प्रत्येक घर त्यांना विचारून किनारा ठरवायचं. लग्नानंतरची पहिली सहल असो की पोराच्या सुंतेनंतरचं समुद्रस्नान, आधी लल्ला वसीलांना फोन. वारा कुठला आहे, ओढ्याला पाणी आहे का, हे त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र त्या कधी पोहताना दिसल्या नाहीत. एकावन्न वर्षांच्या, अविवाहित. आई लवकर गेली, वडील नंतर, आणि या सगळ्यात धाकट्या बहिणीला, बेयाला, त्यांनी वाढवलं.

सीदी खलफूनवर दोन उन्हाळ्यांपूर्वी पाटी लागली, ती त्यांच्याच अहवालावरून. तो आमचा घरचा किनारा. पांढऱ्या दर्ग्याखालची मऊ वाळू, चार गल्ल्या ओलांडल्या की पाण्यात पाय. गावाने त्यांना माफ केलं नाही. कॅफेवाला मोख्तार मला ऐकवायचा, "नूरी, तुझ्या मॅडमला सांग, तिच्या बाटलीत आमचा सगळा समुद्र मावला म्हणून." मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतंच. कॅफेवरून जाताना त्या खिडकीची काच वर करायच्या.

तर त्या गुरुवारी आम्ही परत निघालो आणि गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "सी नूरी, उद्या मी रजा घेतलीय. तुमची घरची गाडी मिळेल?"

"मिळेल की. कुठं जायचंय?"

"रास झब्बूसच्या किनाऱ्यावर. बेयाला न्यायचंय."

बेया जूनमध्ये मार्सेयहून आली होती. तिकडे बावीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा कधीच वेगळा झालेला, मूलबाळ नाही. रक्ताचा आजार. तिकडच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ती एक सूटकेस घेऊन घरी आली. ट्युनिसच्या डॉक्टरीणबाईंनी नव्या गोळ्या सुरू केल्या होत्या. तीन आठवडे ताप आला नाही तर पुढचं बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. सोळा दिवस झाले होते. लल्ला वसीला ते दिवस कसे मोजत होत्या, ते मी पाहत होतो. रोज सकाळी गाडीत बसताच म्हणायच्या, "आजही नाही आला." मी म्हणायचो, "अल्हम्दुलिल्लाह."

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या दाराशी गाडी लावली तेव्हा आत दोघींची जुंपलेली होती. दार उघडंच होतं.

"मी काय मागतेय?" बेया म्हणत होती. "चार गल्ल्या. चालत जाईन. बाबा जिथं आपल्याला सोडायचे तिथं पाय बुडवून येईन. तू मला पन्नास किलोमीटर फिरवतेस."

"तिथलं पाणी चांगलं नाही."

"आपण वाढलो त्यात."

"तेव्हा चांगलं होतं."

"अगं, माझ्याकडे आता दिवसच किती राहिलेत? तुझे जंतू माझ्यापर्यंत येईस्तोवर मी गेलेली असेन. त्यांनाच वाईट वाटेल."

लल्ला वसीला हसल्या नाहीत. "तुझ्या रक्तात लढायला काही उरलेलं नाही. पायाला जरा खरचटलं, एक थेंब आत गेला, की ताप. आणि ताप आला की काय, ते डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलंय. पाच दिवस राहिलेत, बेया. पाच दिवस माझं ऐक. रास झब्बूसचं पाणी सगळ्यांत स्वच्छ आहे. तिथं तू गळ्यापर्यंत बस."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग सीदी खलफूनला नेशील?"

लल्ला वसीलांनी तिची टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. "आधी हे होऊ दे."

बेया बाहेर आली. लहानपणी ती गुबगुबीत होती. आता तिचा हात धरून मी तिला मागच्या सीटवर बसवलं तेव्हा वजनच लागलं नाही. "सी नूरी," ती म्हणाली, "तुम्ही हिला अठरा वर्षं सहन करता. तुम्हाला स्वर्गात सावलीची जागा मिळणार."

"आणि तुला?" मी म्हटलं.

"मला ही ठरवून देईल. वारा बघून."

दक्षिणेचा गरम वारा सकाळपासूनच सुटला होता. ऑलिव्हच्या बागा संपल्या की रस्ता कच्चा होतो. मी जमेल तेवढा हळू चालवत होतो, तरी बेयाला दोनदा उलटी झाली. लल्ला वसीला तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आलंच आता." मी आरशात पाहायचो. बेया डोळे मिटून म्हणायची, "हो. आलंच."

रास झब्बूसला पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. पाणी खरोखर असं होतं की वरून तळाचे दगड मोजता यावेत. चार-पाच कुटुंबं छत्र्या लावून बसली होती, कोणीतरी टरबूज थंड व्हायला जाळीत घालून पाण्यात सोडलं होतं. पण गाडी थांबते तिथपासून वाळूपर्यंत उतार आहे, दगडधोंड्यांचा. आम्ही दोघं तो दर पंधरा दिवसांनी उतरायचो. मी पेटी खांद्यावर घेऊन उतरायचो. तो उतार आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. कामाच्या माणसाला वाट दिसत नाही.

बेयाने वरून पाहिलं. "हे तर मला नाही जमायचं."

"मी उचलून नेतो," मी म्हटलं.

"तुमच्या बायकोला कळलं तर?"

"तिला मीच सांगेन."

मी तिला पाठीवर घेतलं. वीसेक पावलं गेलो असेन. तिचा श्वास माझ्या मानेशी शिट्टीसारखा वाजू लागला. मग ती म्हणाली, "सी नूरी, खाली ठेवा. देवाशपथ, खाली ठेवा." रानऑलिव्हच्या एका झुडपाच्या सावलीत मी तिला बसवलं. खाली जायचं तर अर्धी वाट बाकी होती आणि परत वर चढायचंही होतं.

लल्ला वसीला तिथंच उभ्या राहिल्या. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी चपला काढल्या, झपाझप खाली गेल्या. त्यांच्या पिशवीत नेहमी एक-दोन कोऱ्या बाटल्या असायच्या. त्या पाण्यात शिरल्या, बाटली भरून घेतली आणि तो उतार चढून वर आल्या. बेयाच्या समोर बसून त्यांनी तिच्या पायांवर पाणी ओतलं. आधी उजव्या, मग डाव्या. बाटली छोटी, पाणी लगेच संपलं. पुन्हा गेल्या. असं तीनदा. चौथ्या वेळी बेयाने त्यांचं मनगट धरलं.

"स्वच्छ आहे?" तिने विचारलं.

"एकदम स्वच्छ."

"हो, दिसतंय." ती खालच्या समुद्राकडे बघत राहिली. "छानच आहे गं. पण इथलं मला काहीच आठवत नाही."

लल्ला वसीला तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी घरून मिरच्यांची कोशिंबीर आणि अंडी आणली होती. ते डबे उघडलेच नाहीत.

परतताना बेया बरी वाटली. गावाच्या तोंडाशी, जिथून डावीकडे सीदी खलफूनचा रस्ता फुटतो, तिथं ती उठून बसली. "सी नूरी, डावीकडे घ्या ना. उतरणार नाही. नुसतं काचेतून बघते."

मी वेग कमी केला. आरशात लल्ला वसीलांकडे पाहिलं. त्या घड्याळ बघत होत्या.

"गोळीची वेळ टळलीय," त्या म्हणाल्या. "आणि ऊन बघ किती आहे. उद्या नेते, बेया. उद्या संध्याकाळी. आधी तू झोप काढ."

मी सरळ घेतलं. दोन मिनिटांचा फेरा होता. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. आज त्याला नऊ वर्षं झाली, पण त्या वळणावर आलो की माझा हात अजून आपोआप डावीकडे जातो.

शनिवारी पहाटे तिला ताप भरला. कुठल्याही घाण पाण्याला तिने पाय लावला नव्हता. तो तिच्या आतूनच आला, येणारच होता, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

शनिवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात लल्ला वसीलांना जेवण घेऊन गेलो, तेव्हा वाटेत प्रयोगशाळेतल्या माणसाने गुरुवारचे निकाल माझ्या हाती दिले होते. ते नेहमी मीच पोहोचवायचो. आता न्यावेत की नाही, मला कळेना. पण त्यांनीच हात पुढे केला. कदाचित काहीतरी वाचायला हवं होतं म्हणून. त्या एकेक ओळ खाली सरकत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या. मग कागद माझ्याकडे दिला.

सीदी खलफूनचा आकडा मर्यादेच्या कितीतरी आत होता. पोहण्यायोग्य. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"सांडपाण्याचा वरचा नाला वळवला होता ना मे महिन्यात," मी म्हटलं.

"एका नमुन्यावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "सलग तीन लागतात." त्यांचा आवाज अहवाल वाचून दाखवताना लागतो तसाच होता. मग त्या खोलीत गेल्या. दाराच्या फटीतून मला दिसलं, बेयाचे पाय चादरीबाहेर आले होते आणि त्या ते दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

बेया त्यानंतर नऊ दिवस जगली. शेवटचे चार तिला शुद्ध नव्हती. निकालाचं तिला कोणी सांगितलं नाही.

मैतीला सगळं गाव आलं. मोख्तारने कॅफेच्या खुर्च्या पाठवल्या. चौथ्या दिवशी लल्ला वसीला कामावर आल्या. काळ्या कपड्यांत पाण्यात उतरल्या, बाटली उलटी धरली, वळवली. सीदी खलफूनवर मात्र मी पाहिलं, बूच लावताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

दुसरा नमुना चांगला आला. तिसराही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाटी काढायचा आदेश निघाला. खाली सही त्यांची. नगरपालिकेची दोन माणसं पाना घेऊन आली, तोवर किनाऱ्यावर ही गर्दी. बायकांनी जीभ हलवत आनंदाची लांबलचक आरोळी दिली. तीन उन्हाळ्यांची भूक, लोक कपड्यांसकट पाण्यात शिरत होते. मोख्तार आमच्या गाडीशी आला, हातात ट्रे. "लल्ला, दोन कॉफी. झालं गेलं विसरा. तुमच्यामुळेच आज हे दिसतंय."

"ठेव," त्या म्हणाल्या. "अल्लाह तुझं भलं करो."

त्या गाडीतून उतरल्या नाहीत. मी विचारलं, "जाऊन पाहायचं का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी इंजिन बंद केलं. ऊन कलत होतं. कॉफी निवली.

पाच-सहा वर्षांच्या मुलींची एक टोळी केस निथळत, दंगा करत रस्त्याकडे धावत आली. त्यातली एक तोल सावरायला आमच्या गाडीला टेकली आणि पुढे पळाली. लल्ला वसीलांच्या बाजूच्या काचेवर पाच बोटांचा ओला पंजा उमटला.

मी डॅशबोर्डवरचं फडकं घेऊन उतरायला लागलो.

"राहू द्या, सी नूरी," त्या म्हणाल्या. "वाळेल."

मी परत बसलो. तो वाळेपर्यंत आम्ही तिथंच थांबलो.