आम्ही ज्योतिषी नाही

"…ती भिंतीवरची नियमावली उतरवणार म्हणे, आणि ती यवतमाळची पोरगीही कायमची—"

एवढंच कानावर आलं आणि शेजारच्या द्वारकाकाकूंच्या कुकरने शिट्टी मारली. जिन्यात उभ्या राहून कांताबाईंना सांगत होत्या, त्या धावल्या आत. पुढचं वाक्य गेलं वाफेत. आता जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिलाच अर्धं ऐकू यावं, याला काय म्हणायचं?

कारण ती नियमावली म्हणजे मीच बोलतेय. धायरीत, श्रीनिवासच्या फ्लॅटमध्ये, दाराशेजारी चिकटपट्टीने लावलेली. दार उघडंच असतं, त्यामुळे जिन्यातलं सगळं मला कळतं. कळायलाच हवं, नाही का?

माझा जन्म दोन हजार पाच सालचा. श्रीनिवास वाढला कसबा पेठेत, नोकरी आयटी कंपनीत. त्याने मित्रांना घेऊन छोट्या वाचनालयांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, 'वाचनखूण'. फुकट. वर कोडही सगळ्यांना उघडा. कुणीही वाचावा, सुधारणा करून पाठवावा. पण दहा जणांनी लिहिलेलं एकाने लिहिल्यासारखं दिसायला हवं ना? म्हणून मी. माझं मूळ संगणकात, वाचनखुणीच्या फायलींमध्येच. भिंतीवर छापील प्रत.

आणि लिहिलं कसं, तर पेठेतल्या पाटीसारखं. 'नावे कळतील अशी द्यावीत. क, ख, ग आम्ही शाळेत शिकलो आहोत.' 'एका वेळी एकच बदल पाठवावा. येथे मिक्स भाजी मिळत नाही.' 'बदल का केला ते लिहावे. आम्ही ज्योतिषी नाही.'

मित्र पोट धरून हसायचे. मीही भिंतीवर जरा ताठच असायची.

मग श्रद्धाची मेल आली. ती पुण्यात शिकणारी, यवतमाळकडची. वडील दशरथराव गावचं वाचनालय सांभाळायचे. तिथेही वाचनखूण चालायची, पण लेखकाच्या नावावरून पुस्तक शोधता येत नसे. बाबांसाठी श्रद्धाने ती सोय लिहिली आणि पाठवली. का केली, ते लिहायचं मात्र राहिलं. श्रीनिवासने काम परत पाठवलं, सोबत माझी एकच ओळ: 'आम्ही ज्योतिषी नाही.'

त्यानंतर सामसूम. श्रीनिवास रोज मेल उघडून बघायचा आणि चहा ठेवायचा. वाटीभर शिरा घेऊन आलेल्या काकूंना राहवतंय होय!

"काय रे, रुसली का ती?"

"काकू, नियम आहे तो."

"नियम कसला, टोमणा आहे! कसब्यातला माणूस यावर हसेल. लांबून आलेली पोर रडेल."

आणि त्याच आठवड्यात जिन्यातली ती अर्धी बातमी. माझी चिकटपट्टी घाबरून सुटायचीच बाकी होती.

शनिवारी श्रद्धा स्वतःच दारात. स्वारगेटहून बसने आलेली. आत येण्याआधी तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

"दादा, मी एक बदल पाठवला. बघितला?"

"लेखकाच्या नावाचा?"

"नाही. हिचा." बोट माझ्याकडे!

श्रीनिवासने पडद्यावर उघडलं. एकच बदल, फक्त माझी भाषा. खाली कारण: 'नवीन माणूस सगळ्यात आधी हे वाचतो. काय करायचं ते त्याला कळतं, पण पुन्हा यावंसं वाटत नाही.'

त्याने चूक शोधली. खूप शोधली.

"एकही नियम मोडला नाहीस गं!"

"मोडला असता तर तुम्ही वापस पाठवलं असतं ना!"

"घे आता!" दारातून काकू.

श्रीनिवास इतका हसला, की 'मंजूर' करताना कळ दोनदा दाबली गेली. मग श्रद्धाने तिथेच बसून आपल्या आधीच्या कामाला कारण जोडलं: 'बाबांना पुस्तक पटकन सापडावं म्हणून.' संध्याकाळी तेही वाचनखुणीत गेलं. दुसऱ्या दिवशी दशरथरावांचा फोन, एवढ्या मोठ्याने, की मला भिंतीवर ऐकू आलं, "सापडलं, सापडलं!"

तेव्हा बातमीतलं खरं एवढंच, की मला उतरवलं. तो जुना कागद आता काकूंच्या फळीवर डब्यांखाली आहे. मी नवी छापून त्याच जागी लागले. 'बदल का केला ते लिहा, म्हणजे आम्हालाही तुमच्यासोबत विचार करता येईल,' असं आता माझ्यावर लिहिलंय. मिक्स भाजी तेवढी श्रद्धाने राहू दिली. तिला त्यावर हसू आलं होतं म्हणे. आणि ती कायमची गेली, हे साफ खोटं. दर शनिवारी येते.

काकूंना विचाराल तर म्हणतील, "मी कुठे काय म्हणाले?"

तुम्हीही या. चुकलात तर सांगू. पण आधी बसा, शिरा खा.