माझ्या पडद्यावरचं लंगडं गाढव

थांबा, डोळे चोळू नका. मी मॉनिटरच बोलतोय. एरवी दुसऱ्यांचं दाखवण्यात माझा दिवस जातो, आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार कारखान्यात झाला. तिथे पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझ्या अंगावरून एक रेघ डावीकडून उजवीकडे पळवली, ती कुठे अडखळते का ते निरखून पाहिलं आणि पाठीवर चिठ्ठी चिकटवली. सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, असा दाखला मला जन्मतःच मिळाला. त्याचा मला थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

मी ज्या घरी आलो तिथली सून चित्रं काढते आणि ती हलतीचालती करते. मुलगी झाल्यावर पाच वर्षं तिने काम बाजूला ठेवलं होतं. आता मुलगी शाळेत जायला लागली आणि लहान मुलांचे कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका कंपनीने तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. पाठीवर ओझं घेऊन दुडक्या चालीने जाणारं गाढव, दहा सेकंदांचं, शुक्रवारपर्यंत. जमलं तर नोकरी पक्की. लॅपटॉपचा पडदा जेमतेम वहीएवढा, म्हणून माझी नेमणूक झाली.

मला जोडायला बसले तिचे सासरे, म्हणजे घरातले आजोबा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांच्या खणात अजूनही गोळ्यांच्या डब्यांतून सुटे स्क्रू जपून ठेवलेले आहेत. माझ्याबरोबर आलेली नवीकोरी वायर त्यांनी हातात घेतली, कौतुकाने उलटसुलट पाहिली आणि पुन्हा पिशवीत घालून कपाटात ठेवून दिली.

"जुनी वायर आणि अडॅप्टर आहे की घरात. चालतंय तोवर नवी कशाला काढायची?" ते म्हणाले.

चित्र उमटलं, सगळे खूश झाले. लॅपटॉप मिटून कडेला सरकवला गेला आणि सून माझ्यासमोर बसली.

पण तो अडॅप्टर, म्हणजे जुनी वायर आणि लॅपटॉप यांच्यामधला जोड, म्हातारा. एवढं मोठं चित्र त्याच्यातून सेकंदाला तीसदाच पार व्हायचं. मी साठची तयारी करून बसलेलो आणि हातात पडायची तीस. सुनेचं गाढव होतं सेकंदाला साठ चित्रांचं. म्हणजे एकाआड एक चित्र वाटेतच गळायचं, आणि मागचा खूर जमिनीला टेकतो ते चित्र नेमकं गळणाऱ्यांत. त्यामुळे गाढवाचा पाय टेकतच नव्हता. ते बिचारं हवेतल्या हवेत लंगडत होतं.

सुनेने पाय लांब केला, मग आखूड केला. ओझं हलकं केलं, पाठ वाकवली. एक झालं, दोन झाली, करता करता सात गाढवं झाली. काय चिकाटी त्या बाईची! सकाळी मुलीला शाळेत सोडून आली की जी बसायची ती दुपारी चहालाच उठायची. मला सगळं दिसत होतं, पण तोंड असून मुका होतो मी. तिच्या मेहनतीवर पाणी फिरवण्यात माझाही हात आहे, हे मनाला फार लागत होतं.

गुरुवारी दुपारी आजोबा चहा घेऊन आले, तेव्हा ती कंपनीला निरोप लिहीत होती.

"बाबा, नाही म्हणून कळवून टाकते. माझ्याच्याने नाही होणार आता."

"का गं?"

"हात गेला माझा. पाच वर्षं पेन धरलं नाही, त्याचं हे फळ. बघा ना, लंगडतंय."

आजोबांनी कप ठेवला, चष्मा वर सरकवला आणि गाढवाची चाल निरखून पाहिली. मग म्हणाले, "तो माऊसचा बाण जरा गोल फिरव. सावकाश."

तिने फिरवला.

"हा पण लंगडतोय."

"त्याचं काय, बाबा? तो कुठे मी काढलाय?"

"तेच तर म्हणतोय मी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. आजोबांनी खुर्ची ओढली. "गिऱ्हाईक यायचं आणि सांगायचं, स्प्रिंग गेलीय. मी ऐकून घ्यायचो, पण झाकण उघडून बघायचो. ह्याला विचारलंस का, तू किती वेगाने चालतोस म्हणून?"

आणि त्यांनी माझ्या पाठीमागे चाचपून तिथलं छोटं बटण दाबलं. आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी लगेच माझी माहिती पडद्यावर मांडली. त्यात तीस हा आकडा अगदी स्वच्छ लिहिलेला होता.

"खोक्यावर तर साठ लिहिलंय," सून म्हणाली.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चित्र लहान करून बघ."

तिने लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान केलं. तिथे आधी तीसशिवाय दुसरा आकडाच नव्हता, आता खाली साठही दिसायला लागला.

"म्हणजे हा ठणठणीत आणि लॅपटॉपही ठणठणीत. दोघांच्या मध्ये कोण आहे?" असं म्हणता म्हणता आजोबांचा चेहरा पडला. ते उठले, कपाट उघडलं आणि ती पिशवी घेऊन आले. "चूक माझी आहे, बाळा. नवी वायर मीच जपून ठेवली."

किती माणसं अशी सरळ कबुली देतात? मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

जुनं लटांबर निघालं, नवी वायर थेट लॅपटॉपमधून माझ्यात आली. सुनेने चित्र पुन्हा मोठं केलं, साठवर बोट ठेवलं, आणि कारखान्यातल्या त्या रेघेनंतर प्रथमच मला मोकळा श्वास घेता आला.

तिने सातवं गाढव लावलं. ते खरंच लंगडत होतं, दुरुस्त करकरून तिनेच त्याला लंगडं केलं होतं. तिने सहावं लावलं, पाचवं लावलं. शेवटी अगदी पहिलं, सोमवारी सकाळी काढलेलं, लावलं.

ते दुडदुडत निघालं. ओझं डुलत होतं, कान हलत होते आणि मागचा खूर प्रत्येक वेळी जमिनीवर नीट टेकत होता.

"बाबा," ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी झालं होतं." आणि तिला रडू आवरेना. आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्यावर चाललेलं गाढव बघत राहिले.

पहिलं गाढव शुक्रवारी कंपनीकडे गेलं. नोकरी लागली. आता माझ्यावर कोंबड्या, माकडं, एक जाडजूड हत्ती, सगळे पळत असतात. आजोबा रोज सकाळी मागचं बटण दाबून माझा आकडा बघून जातात, पूर्वी घड्याळाला किल्ली द्यायचे तसे. मी रोज साठ दाखवतो. ते मान हलवतात आणि मला धन्य वाटतं.

तुम्हीही कधी माझ्या एखाद्या भावंडासमोर बसाल, आणि केलेलं काम तुम्हाला लंगडं वाटेल. तेव्हा एवढंच करा. आपल्या हाताला दोष देण्याआधी माऊसचा बाण एकदा सावकाश गोल फिरवून बघा.