हातात देव आहे

आमच्या घरात मला हाक मारायला कुणाला कारण लागत नाही. गिरिजाला वेणी घालून हवी असते, वीरेशला बसल्या जागी पाणी हवं असतं, नवऱ्याला त्याच्याच कपाटातला त्याचाच शर्ट सापडत नसतो आणि सासऱ्यांचा चष्मा हरवलेला असतो, तो त्यांच्या डोक्यावर असतो. मी संडासात गेले तरी दारावर थाप पडते. "आई, आत हायस काय?" नाही रे बाळा, महाद्वार रोडला साड्या बघायला गेलेय.

लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे. सासरे शिवलिंग आणि नवरा शशिधर ते बघतात. मी घर बघते, मुलं बघते, मुलांचा अभ्यास बघते आणि दुपारी दुकानाचं जीएसटीही बघते. कुणी विचारलं तर शशिधर सांगतो, "सौंदर्या? ती घरीच असते."

एका सकाळी चौघांनी एकदम हाक मारली, तेव्हा मी कुकरचं झाकण भिंतीवर फेकलं. वीरेशनं झाकण उचलून आणून दिलं आणि विचारलं, "आई, डब्यात काय हाय?"

दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर शेजारच्या गच्चीवर शमशादभाभी उभ्याच होत्या. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे एकमेकींपासून काही लपत नाही.

"सकाळी काय फेकलंस गं?"

"झाकण."

"बरं केलंस. मी बश्या फेकतो, पण त्या परत आणाव्या लागत्यात." मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "तुला एक सांगू? मी नमाजला उभी राहिलो की घर पेटलं तरी कुणी हाक मारत न्हाय. पोरं सुद्धा चवड्यावर चालत्यात. तुमच्यात असं काय न्हाय व्हय?"

मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. आमच्यात होतं की! माझ्या गळ्यातच होतं.

आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात असतो, चांदीच्या डबीत. अंघोळ झाली की इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे बघत शांत बसायचं. यातलं 'बसायचं' मी लग्नानंतर विसरले होते. माझी पूजा गॅससमोर उभ्यानं व्हायची, एका हातात देव आणि दुसऱ्या हातात उलथनं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या एकदा ओरडल्याही होत्या, "देव हातात असताना हलू नये गं! खाली पडला म्हंजे?" लिंग हातातून पडणं ही आमच्यात फार वाईट गोष्ट. तेव्हा मला तो ओरडा वाटला होता. तो माझा हक्क होता हे मला शमशादभाभींनी दाखवून दिलं. माझा देव मला शेजारणीनं शोधून दिला, असं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी देवघरात गेले, दार लोटलं आणि लिंग हातावर घेऊन चक्क मांडी घालून बसले.

"सौंदर्याऽऽ! माझा शर्ट!"

मी गप्प. तेवढ्यात बाहेरून आत्तींचा आवाज आला. "हाका मारू नको. तिच्या हातात देव हाय. दचकली म्हंजे?"

घर गप्प झालं आणि थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला. शर्ट सापडला होता. त्या दिवशी माझा देवावर विश्वास बसला.

मग पूजा लांबत गेली. लोकांना वाटायचं ही ध्यानात आहे. ही कसली ध्यानात, ही मनातल्या मनात उद्याच्या भाज्या ठरवत होती. कधी उघड्या डोळ्यांनी झोपायची, कधी भिंतीवरची पाल बघत बसायची. पालीचंही बरं असतं, तिला कुणी डबा मागत नाही.

एकदा वीरेश तापानं फणफणला होता, गिरिजाची परीक्षा होती आणि शशिधर म्हणाला होता, "तू घरीच हायस न्हवं?" त्या सकाळी मी लिंगाकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तू म्हणे जगाचा बाप. बापच आहेस, आई असतास तर कळलं असतं. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता रडू आलं. रडून झाल्यावर हातावर तो होता तसाच होता, थोडा ओला. त्याला राग आला नव्हता. दिवसभरात माझ्याकडून काहीच न मागणारा घरात तो एकटाच आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून मी खरंच त्याच्याशी बोलायला लागले. दुसरं माझं ऐकून घेणारं होतं कोण?

पण लक्ष्मीपुरीत काही झाकून राहत नाही. सासरे गिऱ्हाइकांना ज्वारी मोजता मोजता सांगायला लागले, "आमच्या सुनेची पूजा बघा. एवढी दोन पोरं, एवढा संसार, पण देवाला वेळ देतीया." लोकांनी घरी जाऊन आपापल्या सुनांना ऐकवलं. सगळ्यात जास्त ऐकवलं ते झुंबरबाईंनी. त्या आमच्या समाजाच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या सुनेला, स्वप्नालीला, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ, हाताशी बालवाडीतला मुलगा आणि दिवसभर पतसंस्थेत नोकरी.

स्वप्नाली मला मुलांच्या शाळेच्या दारात भेटली. वेणीतून केस सुटलेले, खांद्यावर बाळानं काढलेल्या दुधाचा डाग.

"अक्का, तुमच्या पाया पडतो, पण ते पूजेचं जरा कमी करा," ती म्हणाली. "तुमचं नाव सांगून सासूबाई मला पाचला उठवत्यात. 'सौंदर्याला जमतंय, तुला का न्हाय?' म्हणत्यात. बाळ रातभर जागं असतंय. काल देव हातात घेतला आन् मला डुलकी लागली. लिंग पडता पडता ऱ्हायलं. मी लई दमलो ओ अक्का." आणि ती तिथंच, रिक्षावाल्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागली.

मला स्वतःची लाज वाटली आणि झुंबरबाईंचा राग आला. राग जास्त आला, खोटं कशाला सांगू! मी माझ्यासाठी आडोसा शोधला होता आणि या बाईनं त्याची काठी करून दुसरीच्या पाठीत घातली होती.

त्याच आठवड्यात झुंबरबाई स्वतः घरी आल्या. श्रावणी सोमवारी मंडळाच्या कार्यक्रमात मी आयांना मार्गदर्शन करायचं होतं. विषय, 'संसारी स्त्रीची साधना'. मी नाही म्हणायच्या आत सासऱ्यांनी हो म्हटलं. वर शशिधरनं मला मुद्दे काढून दिले. पहिला मुद्दा होता, 'पहाटे लवकर उठावे'. हा स्वतः आठला उठतो.

सोमवारी समाजाचा हॉल भरला होता. पुढच्या रांगेत मधोमध आत्ती बसल्या होत्या, नव्या इरकल साडीत. त्यांच्या शेजारी झुंबरबाई. स्वप्नाली खांबाजवळ, मांडीवर बाळ, डोळे अर्धे मिटलेले. पुरुष कुणी नव्हते, ते फक्त हॉलच्या बाहेर प्रसादाची वाट बघत होते.

झुंबरबाईंनी माझी ओळख करून दिली. "आजच्या काळात अशी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडायची न्हाय," असं म्हणत त्यांनी आपल्या सुनेकडे बघितलं. स्वप्नालीनं मान खाली घातली.

मी उठले. खरं सांगितलं तर आत्ती समोर ऐकत होत्या, म्हणजे उद्यापासून माझं बसणं संपलं. पुन्हा उलथनं, पुन्हा शर्ट, पुन्हा दारावर थापा. खोटं सांगितलं तर स्वप्नाली उद्या पाचच्या ऐवजी साडेचारला उठणार. मी माइक धरला.

"बायांनो, मी साधना-बिधना काय करत न्हाय," मी म्हटलं. "मी बसतो. हातात देव असला की घरात कुणी हाक मारत न्हाय, म्हणून बसतो."

आत्तींकडे मी मुद्दामच बघितलं नाही.

"पहिल्यांदा मी देवाचा नुसता आडोसा केला. आडोशाला बसून बसून त्याच्याशी बोलायला लागलो. शिव्या बी दिल्या. त्यानं काय वाटून घेतलं न्हाय. दिवसभर घरातली सगळी आपल्याकडं मागत असत्यात, हा एकटा काय मागत न्हाय. म्हणून त्याच्याजवळ बसा. मन लागलं न्हाय तरी बसा, झोप आली तर देव आधी डबीत ठेवा आन् खुशाल झोपा. त्याच्यासाठी पाचला उठू नका. तो धा वाजता बी असतोय, कुठं गावाला जात न्हाय. आन् कुणाला सुनेला पूजेला उठवायचंच असंल, तर त्यांनी आधी तिचं पोरगं घ्यावं."

झुंबरबाई ताडकन उठल्या. "हे असलं बोलणं शोभतंय व्हय? देवाधर्माच्या ठिकाणी?"

"शोभतंय की!" मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, आणि आधी एक हसली, मग दहा हसल्या, मग हॉलच हसायला लागला. त्या गडबडीत स्वप्नाली उठली. शांतपणे पुढे आली, बाळ झुंबरबाईंच्या हातात दिलं, मागच्या भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले. बाळानं झुंबरबाईंच्या गळ्यातला सर धरला. हातात बाळ असल्यावर भांडता येत नाही, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी आठवलं असावं.

आत्ती मात्र हसल्या नव्हत्या. रिक्षातून घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सासऱ्यांनी विचारलं, "कसं झालं भाषण?" तर म्हणाल्या, "झालं," आणि आत गेल्या.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. हॉलमधल्या एकीनंही सांगितलं नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणतात, ते म्हणणाऱ्यांनी लक्ष्मीपुरीत येऊन बघावं. पण महिन्याभरात दुकानात वेगळीच चर्चा सुरू झाली. आमचे जुने गिऱ्हाईक आकाराम सासऱ्यांना म्हणाले, "काय पावणं, आमच्या हिची पूजा हल्ली लई लांबालीया. च्या माझा मलाच करून घ्यावा लागतोय." सासऱ्यांची छाती फुगली. म्हणाले, "आमच्या सुनेनं गल्लीत धर्म आणला बघा!"

पण गल्लीत धर्म आणणारी सून स्वतः पुन्हा गॅससमोर उभी होती. पूजा मी उरकूनच करत होते. आत्तींना सगळं माहीत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत देवाला पुढे करून बसायचं, हे माझ्याच्यानं होईना. त्या बोलतही नव्हत्या. त्या रागावल्या आहेत की दुखावल्या आहेत, तेही कळेना.

मग गौरीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. पुरणाची डाळ शिजत होती, गिरिजाचा प्रकल्प चिकटत नव्हता, वीरेशनं डिंक केसांना लावला होता आणि गडहिंग्लजहून न सांगता पाहुणे येऊन बसले होते. "सौंदर्याऽऽ, च्या!" "आई, डिंक निघंना!" "सूनबाई, पावण्यांना पाणी!"

मी गॅस बंद केला. देवघरात गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. गळ्यातली डबी उघडली नाही. देवाला आज मध्ये घ्यायचं नव्हतं. मी दमले होते, एवढं एकच कारण होतं. रिकामे हात मांडीवर ठेवले आणि बाहेरच्या एकाही हाकेला ओ दिली नाही.

दारात पावलं वाजली. आत्ती होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या तळहातांकडे. दोन्ही तळहात उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना स्वच्छ दिसत होतं. मी उठायला लागले.

"बस," आत्ती म्हणाल्या.

मग बाहेरच्या खोलीकडे वळून, पाहुण्यांच्या देखत, अख्ख्या लक्ष्मीपुरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "कोण बोंबलालंय रं? तिच्या हातात देव हाय!"

बाहेर एकदम शांत झालं. आत्ती आत आल्या, दार लावलं आणि गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी बसल्या. "सरक जरा."

मी सरकले. आम्ही दोघी बसून राहिलो. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, कुणीतरी साखरेचा डबा शोधत होतं. थोड्या वेळानं आत्तींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आता काय करायचं असतंय गं?"

"काही नाही, आत्ती."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही."

त्या विचारात पडल्या. त्यांची बोटं मांडीवर काहीतरी शोधत होती, सोलायला लसूण, वळायला वाती, निवडायला तांदूळ. तिथं नुसतं लुगडं होतं. मी तो हात माझ्या हातात घेतला. बराच वेळ तो माझ्या हातातही हलत होता, मग हळूहळू गप्प झाला.

"असं असतंय व्हय," आत्ती म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच न्हाय."