दोन वडिलांचा बाक

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, स्टँडवरचाही नव्हे. दोंडाईचाजवळच्या एका छोट्या गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये, व्यासपीठाशेजारी मी असतो. माझ्यावर फक्त वडील बसत, म्हणजे मंडळीने, चर्चच्या सभासदांनी, कारभार पाहायला निवडलेली माणसं. एखादं पोर नुसतं टेकलं तरी चर्चची झाडलोट करणारी पुष्पाबाई झाडू घेऊन धावायची.

मंडळीतल्याच एका सुताराने मला सागात घडवलं. पूर्वी माझ्यावर सहा वडील दाटीवाटीने बसत. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी देवाघरी. उरले गिरधर आबा आणि लोटन नाना. उपासनेत ढोलकी वाजवावी की नाही, यावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. आबा या टोकाला, नाना त्या टोकाला. पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्याकडे उपासना चालवणारा पाळक उरला नव्हता. धुळ्याहून प्रेस्बिटरीचे, म्हणजे सगळ्या मंडळ्यांवरच्या सभेचे, साहेब आले. म्हणाले, "वडिलांच्या सभेने आज पाळक मागितला तर देऊ. नाहीतर मंडळी धुळ्याच्या मंडळीत जाईल आणि इथे कुलूप लागेल." आमची रीत साधी. एका वडिलाने सूचना मांडायची, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं.

आबा उठले. "पाळक मिळावा, अशी मी सूचना मांडतो."

साहेबांनी नानांकडे पाहिलं. नाना उठले. "पाळक मिळावा, अशी मी सूचना मांडतो."

"अहो, तीच सूचना आहे! तुम्ही अनुमोदन द्या."

"त्यांनी माझ्या सूचनेला द्यावं."

आबांनी तोंड फिरवलं.

दारातून पुष्पाबाई ओरडली, "आबा, नाना, आते तरी बोला ना! आपलं चर्च हातमाईन चालनं!"

चर्च खरंच हातातून चाललं होतं. तोंड असतं तर मीच अनुमोदन दिलं असतं. आबा पुन्हा या टोकाला बसले, नाना त्या टोकाला. साहेब वाट पाहून थकले आणि उठले. त्याच आठवड्यात कुलूप लागलं.

गेल्या महिन्यात आबा वारले. त्यांच्यासाठी तेवढं दार उघडलं. शवपेटी माझ्यावरच ठेवली होती. नाना मागून आले, पेटीला मिठी मारून हमसून हमसून रडले.

"भाऊ, तुनी सूचनाले मनं अनुमोदन शे. ऐकस का तू? अनुमोदन शे!"

पेटी उचलली, पुन्हा कुलूप लागलं. आता मला वाळवी लागली आहे. मी फार दिवस टिकायचा नाही. कुणीतरी धुळ्याला जा हो. साहेबांना सांगा, अनुमोदन मिळालंय. उशिरा मिळालं, पण मिळालंय.